यूएफसी ३००: होलोवेने शेवटच्या १० सेकंदांत असं करायला हवं होतं का?

प्रश्न: १३ एप्रिल २०२४, लास वेगास, यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्स (ठोसे, लाथा, कुस्ती) संघटनेची ‘यूएफसी ३००’ रात्र. लढतीआधी बहुतेक जण म्हणत होते, १४५ पौंडांच्या वजनी गटातून १५५ च्या गटात आलेला मॅक्स होलोवे जस्टिन गेथजीचे ठोसे झेलू शकणार नाही. माझा अंदाज होता, पाच फेऱ्या जातील आणि मॅक्स गुणांवर घेईल. झालंही तसंच, शेवटचे १० सेकंद सोडून. पुढे असताना त्याने बोट खाली करून ‘ये, इथेच मारामारी करू’ म्हणून खुणावलं. कशासाठी? एक ठोसा बसला असता तर सगळं पाण्यात!

उत्तर १: ज्यासाठी ते लढत होते तो ‘बीएमएफ’ पट्टा (किताब) मुळी धाडसासाठीचाच. मागे सरकून कसा जिंकणार? पाच मिनिटांच्या शेवटच्या फेरीत ४:५९ ला मॅक्सचा उजवा हात बसला आणि गेथजी तोंडावर आपटला. मी खुर्चीतून उठून ओरडलो.

उत्तर २: लढत खरं तर पहिल्या फेरीच्या शेवटीच फिरली. मॅक्सने गर्रकन वळून मारलेली लाथ नाकावर बसली. नाक फुटलं की श्वास तोंडाने, डोळ्यांत पाणी, मग समोरचे ठोसे दिसतात उशिरा. गेथजीच्या पोटरीवरच्या लाथाही त्यानंतर तितक्या जोरात येईनात.

उत्तर ३: त्याच रात्री जमाल हिलशी लढलेल्या अ‍ॅलेक्स परेराला विसरू नका. हिलची लाथ कमरेखाली लागली, पंच मध्ये आले, परेराने हातानेच ‘राहू दे’ केलं आणि लगेच डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा). खेळ खलास.

प्रश्नकर्ता: नाकाचा मुद्दा पटला. तरी मॅक्सच्या कोपऱ्यात (प्रशिक्षकांमध्ये) मी असतो तर त्या क्षणी ‘लांब राहा’ असंच ओरडलो असतो.