मिनीकॉमिक, स्वतंत्र व्यंगचित्रकार, फेस्टिवल : तिन्ही शब्द अडले आहेत

पणजीहून, मूळ प्रश्न

नमस्कार मंडळी. मी मुद्रितशोधनाचं काम करते. गेल्या रविवारी पणजीत एका जुन्या घराच्या बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, कॉमिक्सवाल्यांचा छोटासा मेळावा भरला होता. दहाबारा टेबलं होती आणि प्रत्येक टेबलामागे, जिनं चित्रं काढली तीच विकायला बसलेली. मला वाटत होतं, कॉमिक्स म्हणजे दुकानात मिळतात ती रंगीत, गुळगुळीत पुस्तकं. इथे सगळं हातानं आखलेलं, झेरॉक्स काढलेलं, घडी घालून पिना मारलेलं.

त्यातली एक पुस्तिका घेतली, ती आठवडाभर पर्समध्येच आहे. तळहाताएवढी, काळीपांढरी, सोळा पानांची. दुसऱ्या पानावर एक आजी आदोळीवर बसून नारळ किसते आहे आणि तिच्या डोक्यावरचा बोलण्याचा फुगा शब्दांनी गच्च भरलाय. कोंकणी, मराठी, मधेच एखादी ओवी. पुढच्या प्रत्येक पानावर तीच आजी, तीच आदोळी, फुगाही तेवढाच, फक्त आतले शब्द कमी होत जातात. नवव्या पानावर 'तें... तें' एवढंच उरतं. पंधराव्या पानावर फुगा पूर्ण रिकामा. झेरॉक्समध्ये त्याची रेघ एका जागी तुटली आहे. मलपृष्ठावर पेन्सिलीनं किंमत, ५० रुपये.

याबद्दल चार ओळी लिहायला बसले आणि तीन ठिकाणी अडले.

पहिला शब्द, मिनीकॉमिक, म्हणजे ही असली पुस्तिका. आपल्याकडे काय म्हणायचं?

दुसरा, 'इंडिपेंडंट कार्टूनिस्ट'. 'स्वतंत्र व्यंगचित्रकार' लिहिलं आणि खोडलं. 'स्वतंत्र कादंबरी' म्हटलं की आपण 'अनुवादित नव्हे' असं समजतो. 'स्वतंत्र पत्रकार' म्हटलं की मिळेल त्या वर्तमानपत्राला लिहून देणारा. इथे तर काढणं, छापणं, विकणं सगळं एकाच माणसाचं. 'स्वयंप्रकाशित' सुचला, पण तो शाळेपासून ताऱ्यांना वाहिलेला आहे. आणि 'व्यंगचित्र' तर त्या आजीला लावताना हातच धजेना. व्यंग म्हणजे उणीव, खोड. 'व्यंग्य' धरलं, म्हणजे सूचित अर्थ, तरी वाचणारा व्यंगच वाचतो आणि हसायच्या तयारीनं पान उलटतो.

तिसरा शब्द, कॉमिक्स फेस्टिवल. 'महोत्सव' दहाबारा टेबलांना फार मोठा होतो.

साखळीहून

'लघुचित्रकथा' सरळ आहे की. लघुकथा, लघुपट, तसं.

पणजीहून

सर, लघुकथा लहान असते ती लांबीनं. मिनीकॉमिक चाळीस पानांचंही असू शकतं, आणि मोठ्या प्रकाशनानं काढलेली चार पानांची चित्रकथा मिनीकॉमिक होत नाही. मला कळलं ते असं, की 'मिनी' आकाराला आणि खपाला आहे. पन्नास प्रती, शंभर प्रती, लागतील तशा पुन्हा झेरॉक्स. बाहेर ही वेगळी जात म्हणून मानतात. अमेरिकेत मेरिलँडमध्ये १९९४ पासून स्मॉल प्रेस एक्स्पो भरतो, तिथे १९९७ पासून इग्नॅट्झ पुरस्कार देतात आणि त्यात मिनीकॉमिकला वेगळं बक्षीस आहे. 'झीन' हा शब्दही तिथे टेबलांवर होता. तो 'फॅनझीन'चं, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या अंकाचं, शेपूट. त्यात कविता, लेख, फोटो काहीही चालतं. मिनीकॉमिकमध्ये चौकटींतून गोष्ट पुढे जायला हवी.

फोंड्याहून

ताई, मी तीस वर्षं छापखान्यात काढली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर कागदात आहे. एका कागदावर बरीच पानं छापून घड्या घालतात, त्याला आमच्याकडे 'फर्मा' म्हणतात, पण तो मोठ्या कागदाचा. ही पोरं करतात तो घरगुती फर्माच. ए-फोर कागद दोन्ही बाजूंनी छापला की तुमच्या तळहाताएवढी आठ पानं होतात, म्हणजे सोळा पानांना फक्त दोन कागद. पण पानं ओळीनं लावून चालत नाही. उघड्या कागदावर १ नंबरच्या शेजारी १६ येतो, त्याच्या मागे २ आणि १५. कुठलीही जोडी घ्या, बेरीज १७. यात एक चूक झाली तर आजी आधी गप्प होईल आणि मग बोलायला लागेल. शिवाय पानं चारच्या पटीतच हवीत, म्हणून गोष्ट तेरा पानांत संपली तरी तीन पानं भरावी लागतात.

याहून सोपा प्रकार आहे तो एका कागदाचा. एकाच बाजूला आठ खाने छापायचे, तीन घड्या घालायच्या, मधोमध एक काप द्यायचा आणि दुमडायचं. पिनही लागत नाही. एक झेरॉक्स म्हणजे एक पुस्तक. नातवाला करून दाखवलं तर तो दिवसभर तेच करत बसला.

तेव्हा माझं मत, नावात 'घडी' यायला हवी. घडीपुस्तिका म्हणा, घडीकथा म्हणा.

म्हापशाहून

'गुटका' हा जुना, अस्सल शब्द आहे. आमच्या घरी ज्ञानेश्वरीचा गुटका होता, कोटाच्या खिशात मावणारा. आजोबा प्रवासाला निघाले की आधी तो घेत. नेमका हाच आकार.

पणजीहून

दादा, शब्द इतका बरोबर आहे की जीव हळहळतो. माझ्या आईच्या तोंडी 'गुटका आवृत्ती' सहज असे. पण आज 'चित्रगुटका' छापला तर मुलांच्या मनात पुडीच येणार. तंबाखूनं आपला एक चांगला शब्द खाल्ला.

पर्वरीहून (मूळचा कुडाळचा)

शब्द तुमच्यापासून दोन तासांवर आहे. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. चित्रं सुटी, एका आख्यानाची एकत्र बांधलेली. त्या गठ्ठ्याला 'पोथी' म्हणतात. सांगणारा एकेक चित्र पुढे धरतो, वाद्यं वाजतात आणि गोष्ट गात पुढे सरकते. २०२१ साली तिथल्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. लहानपणी मी ही चित्रं ओसरीवर बसून पाहिली आहेत. चित्र बदलताना जो क्षणभर थांबा असतो ना, तोच तुमच्या पान उलटण्यात आहे.

'चित्रकथा' शब्द तर १९६७ पासून अनंत पैंच्या 'अमर चित्र कथे'मुळे घराघरांत आहे. मग काढणाऱ्याला 'चित्रकथाकार' म्हणा. 'चित्रकथी' म्हणू नका, ती त्या मंडळींची ओळख आहे, आपण उचलून आणू नये.

पणजीहून

पूर्ण पटलं. 'चित्रकथाकार'मध्ये हसवायची सक्ती नाही आणि व्यंगही नाही. वर्तमानपत्रात राजकारणावर रोज चौकट काढणारा तो व्यंगचित्रकार. दिवाळी अंकात नुसत्या चित्रानं हसवतो तो हास्यचित्रकार. चेहरा ताणून काढतात ते अर्कचित्र. हे सगळे शब्द आपापल्या जागी नीट आहेत, फक्त आपण सगळ्यांना एकाच खुंटीला टांगतो. १९९१ साली 'चिंटू' सुरू झाला तेव्हाही त्याला व्यंगचित्र म्हणणारे होते. खरं तर ती चित्रमालिका.

मडगावहून

मी पोर्तुगीजमध्ये शिकलेल्यांपैकी, तेव्हा थोडी भर. पोर्तुगालात कॉमिकला 'बांदा देसेन्याद' म्हणतात, म्हणजे चित्रं काढलेली पट्टी. ब्राझीलमध्ये त्याच भाषेत 'क्वाद्रीन्युस', म्हणजे चिमुकल्या चौकटी. इटलीत 'फुमेत्ती', धुराचे लहान लोट. त्यांना बोलण्याचे फुगे धुरासारखे दिसले. प्रत्येकानं डोळ्यांना जे पहिलं दिसलं ते नावात घेतलं. हसण्याचा भाग इंग्रजी 'कॉमिक'मध्येच अडकून राहिला आणि तोच आपण उसना घेतला.

फेस्टिवलसाठी तर आपल्या गोव्यातच शब्द आहे. फेस्ताच्या वेळी इगर्जीसमोर, म्हणजे चर्चसमोर, दुकानं मांडतात त्याला आपण 'फेरी' म्हणतो. पोर्तुगीज 'फैर'वरून आलेला शब्द. कॉमिक्सची फेरी म्हणा.

साखळीहून

पण काका, पुण्याच्या वाचकाला फेरी म्हणजे प्रभातफेरी. तो विचारेल, घोषणा कुठल्या होत्या?

मडगावहून

विचारू दे. एकदा सांगितलं की कळेल. कोल्हापूरचा माणूस लिहितो तेव्हा आपण त्याचे शब्द समजून घेतोच ना?

पणजीहून

काका, मी 'फेरी'च लिहिणार आहे. पहिल्यांदा येईल तिथे 'कॉमिक्सची फेरी, म्हणजे जत्रेसारखा बाजार' एवढं घालते. जत्रा लिहिलं असतं, पण इथे देव नाही आणि पालखीही नाही.

राहिला 'स्वतंत्र'. लोटलीचे मारिओ मिरांडा पोरवयापासून रोजनिशीत चित्रं काढत. त्यातल्या १९४९ ते १९५१ च्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपानं आल्या. काढली तेव्हा ती कुणी सांगितली नव्हती, कुणी मागितली नव्हती. या मुलींकडे पाहून मला ते आठवलं. मागणीवाचून काढलेलं, असं काही नावात आणता येईल का?

फोंड्याहून

'पदरचं' म्हणा ताई. पदरचे पैसे घालून छापलेलं. आमच्याकडे कवी यायचे ना, पदरमोड करून संग्रह काढणारे.

पणजीहून

पदरमोडीत सोसल्याचा भाव येतो. मी त्या टेबलांवर पाहिली ती हौस होती, आणि हौसेत बारकाई होती. मी 'स्वतः काढून स्वतः छापणारे चित्रकथाकार' असंच लिहीन. लांब आहे, पण खोटं नाही. पुढच्या उल्लेखांत नुसतं 'चित्रकथाकार'.

डिचोलीहून

नमस्कार. भाचीनं तुमची ही चर्चा मला पाठवली. ती आजीची पुस्तिका माझी आहे. आजी माझीच. ताई, फुग्याची तुटलेली रेघ तुम्ही पाहिलीत, मला वाटलं कुणाला दिसणार नाही. मूळ कागदावर ती अखंड आहे. तिसऱ्या वेळच्या झेरॉक्समध्ये तुटली आणि मला तशीच बरी वाटली.

आम्ही आपसात 'मिनी' म्हणतो, 'तुझी नवी मिनी आली का?' असं. पण 'घडीकथा' मला आवडला. पुढच्या प्रतींवर मागे तो शब्द घालीन, चालेल ना?

एक शब्द मीच विचारते. दोन चौकटींच्या मधली पांढरी पट्टी असते तिला इंग्रजीत 'गटर' म्हणतात. शिकवताना मुलांसमोर मी 'गटार' म्हणू शकत नाही. त्या पट्टीत तर सगळं घडतं. एका चौकटीत आजी बोलत असते, पुढच्या चौकटीत नसते, आणि मधलं वर्ष त्या पट्टीत गेलेलं असतं.

पर्वरीहून (मूळचा कुडाळचा)

बाय, शेतात बघ. भाताचा एकेक तुकडा म्हणजे कुणगा, आणि दोन कुणग्यांच्या मधला बांध म्हणजे मेर. मेरेवर भात पिकत नाही, पण मेरेवरूनच एका कुणग्यातून दुसऱ्यात जायचं.

डिचोलीहून

मेर! आजीचा शब्द आहे हा. पाचव्या पानापर्यंत तिच्या फुग्यात होता, 'मेरेवयल्यान वच', म्हणजे मेरेवरून जा, असा. सहाव्या पानावर मीच तो काढला होता.

पणजीहून

आत्ता पर्समधून काढून पाहिलं. आहे, पाचव्या पानावर, डाव्या बाजूला खाली.

फोंड्याहून

बाळ, पुढची प्रत काढताना आतल्या बाजूची मेर, म्हणजे घडीकडची कोरी जागा, बाहेरच्यापेक्षा चार-पाच मिलिमीटर जास्त ठेव. पाचव्या पानावर फुगा घडीला अगदी चिकटलेला असणार. पिन बसली की डावीकडचा शब्द आत ओढला जातो.