पहिल्या दिवशीचे फॉर्म घाईत भरू नका

नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी कपडे कोणते घालावेत, डबा न्यावा का, यावर लोक बरंच बोलतात. मला भर घालायची आहे ती दुपारी एचआर समोर ठेवतं त्या कागदांबद्दल. लोक सह्या ठोकून मोकळे होतात आणि दोन-तीन वर्षांनी पीएफ (पगारातून कापून साठणारा भविष्य निर्वाह निधी) काढताना अडकतात.

सगळ्यात महत्त्वाचा फॉर्म ११, म्हणजे आधीच्या पीएफ खात्याची माहिती देणारा फॉर्म. आधी नोकरी केली असेल तर जुना १२ आकडी यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक) त्यात लिहायचाच. रकाना कोरा राहिला तर नवा यूएएन निघू शकतो आणि पैसे दोन ठिकाणी विभागले जातात. पीएफसोबतच्या पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते, त्यामुळे तुटलेली सेवा जोडलेली असणं फार गरजेचं. जुन्या कंपनीने तुमची नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का, हेही पीएफच्या पोर्टलवर बघून जा. नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतःला भरता येते.

आपल्याकडे खरी गोची नावाची. आधारवर वडिलांचं पूर्ण नाव, पॅनवर नुसतं आद्याक्षर, लग्नानंतर बदललेलं आडनाव एकाच कागदावर. फॉर्मवर आधारप्रमाणेच अक्षर न् अक्षर लिहा.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली असेल तर आधीचा पगार आणि कापलेला टीडीएस (पगारातून आधीच कापलेला आयकर) नव्या ठिकाणी कळवा. नाहीतर जुनी आणि नवी कंपनी दोघीही प्रमाणित वजावट (पगारातली ठरावीक करमाफ रक्कम) धरतात आणि रिटर्न भरताना कराची एकदम मोठी रक्कम भरावी लागते.

नॉमिनेशन, म्हणजे आपल्यामागे पैसे कोणाला मिळावेत हे लिहून देणं, पीएफचं वेगळं, ग्रॅच्युइटीचं (दीर्घ सेवेबद्दल कंपनी देते ती रक्कम) वेगळं. दोन्ही भरा.