इन, ऑन, ॲट: तुम्हाला कोणी आणि कसं शिकवलं?

पेठेतली_मनी
काल भाची गाळलेल्या जागा भरत होती. 'इंडिया बिकेम फ्री ___ १९४७' ला पटकन इन लिहिलं, पुढे '___ फिफ्टीन्थ ऑगस्ट' आलं तशी पेन चावत बसली. मला आमचे पाचवीचे सर आठवले. (मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, आमची एबीसीडीच पाचवीत.) सर फळ्यावर नरसाळं काढायचे. वरच्या रुंद तोंडात इन: वर्ष, महिना, शहर. मध्ये ऑन: वार, तारीख, रस्ता. खाली नळीत ॲट: किती वाजले, घर नंबर किती. मग एकेकाला उभं करून पत्ता विचारायचे. वाड्यातल्या पोरांचा पत्ता काही संपायचा नाही, "मारुतीच्या मागे, गिरणीसमोर, जिन्याखाली". सर ओरडायचे, "अरे, बिहाइंड पुढच्या आठवड्यात आहे!"
तुमचेही अनुभव लिहा.

बोका_कोथरूड
आमच्या बाई नुसतं पाठांतर. सिनिअर टू, ज्युनिअर टू, सुपीरिअर टू, प्रिफर टू, पाढ्यासारखं. दॅन लिहिलं की वही तोंडावर.

एमपीएससीवाला
नरसाळं रात्री गळतं. इन द मॉर्निंग, इन द इव्हनिंग आणि एकदम ॲट नाइट. क्लासच्या सरांना कारण विचारलं, म्हणाले मार्क हवाय की कारण?

निवांत_आजी
नातवाला सांगते, सिन्सला सुरुवात लागते, फॉरला लांबी. सिन्स मंडे, फॉर थ्री डेज. घाईत लिहितेय, कुकर लावलाय.

पेठेतली_मनी
आजी, आधी शिट्ट्या मोजा 😄

हिंजवडी_हमाल
'डिस्कस अबाउट' वर बोला कोणीतरी. तिथे अबाउट लागतच नाही, पण सांगणार कोणाला, मॅनेजरच लिहितो. त्यात अमेरिकन क्लायंट ऑन द वीकेंड म्हणतो, लंडनवाले ॲट द वीकेंड. आम्ही शनिवारी कामावरच असतो, काहीही लावा.

बोका_कोथरूड
हाहा. बरं, कारला इन आणि बसला ऑन का?

निवांत_आजी
ज्यात उभं राहून चालता येतं त्याला ऑन. बस, ट्रेन, विमान, जहाज. कारमध्ये, रिक्षात वाकून शिरायचं, म्हणून इन.

एमपीएससीवाला
आजी, सकाळी नऊला स्वारगेटची पीएमपी पकडा. उभं राहता येतं, चालायचं नाव नको.

हिंजवडी_हमाल
दारात लटकणाऱ्याला ऑनच शोभतं.

शनिपार_शेजारी
थोडं विषयांतर. मुलगी दहावीला गेलीय. अप्पा बळवंत चौकात व्याकरणाची जुनी पुस्तकं मिळतात ना अजून?

बोका_कोथरूड
मिळतात. जूनच्या आत जा, शाळा सुरू झाल्या की पाय ठेवायला जागा नसते. आणि गाडी घरीच ठेवा.