नाच-गाण्याचा तास गणिताच्या मुळावर?

संगीतशिक्षिका: काल इथे कुणीतरी लिहिलं, "गणिताचा तास कापून मुलांना नाचवायचं आणि त्याला भावनिक विकास म्हणायचं." वाचून राहवलं नाही. माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा कुणाशीच बोलत नसे. टाळ्यांच्या खेळात एकानं ताल द्यायचा, दुसऱ्यानं तो परत करायचा. तिसऱ्या आठवड्यात त्यानं आपणहून शेजारणीला ताल दिला. बोलायला आणखी महिना लागला. ताल धरायचा तर समोरच्याकडे बघावं लागतं, आपली पाळी येईस्तोवर हात आवरावे लागतात. फळ्यावर लिहून हे शिकवता येत नाही.

गणितवाला: वाक्य माझंच. एका मुलाची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. १९९३ साली मोझार्टचं संगीत ऐकून बुद्धी वाढते असा गाजावाजा झाला; प्रयोग होता कॉलेजच्या मुलांवर आणि परिणाम टिकला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं!

संगीतशिक्षिका: ऐकणं वेगळं, मिळून करणं वेगळं. किर्शनर आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांचा २०१० चा प्रयोग चार वर्षांच्या मुलांचा आहे. एकत्र गात-वाजवत खेळलेली मुलं नंतर एकमेकांच्या मदतीला जास्त धावली.

एक आई: मदत? माझ्या मुलीला चौथीत स्नेहसंमेलनाच्या नाचाच्या तालमीत सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझे हात जुळत नाहीत, मागच्या रांगेत जा." आज ती नववीत आहे. गाणं लागलं की खोलीतून निघून जाते.

नृत्यशिक्षक: ताई, चाळीस मुलं आणि तालमीला तीन आठवडे. रांगा लावाव्याच लागतात. व्हिडिओत आपलं मूल दिसलं नाही म्हणून फोन करणारे पालकच असतात.

एक आई: मी फोन केला नव्हता. निवड करायची तर करा, पण त्या निवडीला भावनिक वाढ म्हणू नका!

निवृत्त मुख्याध्यापक: आम्ही दर कडव्याला रांगा बदलायचो. प्रत्येक मूल एकदा तरी पुढे यायचं.

नृत्यशिक्षक: त्यात निम्मी मुलं एकमेकांवर आदळतात. करून बघा म्हणजे कळेल.

निवृत्त मुख्याध्यापक: अकरा वर्षं केलं. आदळायची. आदळू दिलं.

गणितवाला: मूळ मुद्द्यावर या. व्हेनेझुएलात मुलांना वाद्यवृंदात संगीत शिकवणाऱ्या एल सिस्तेमा या उपक्रमाचा २०१७ चा अभ्यास काढून वाचला, २,९१४ मुलांचा. आत्मसंयम थोडा वाढलेला दिसतो, तेवढं मान्य. इतरांशी जुळवून घेण्यात फरक सापडला नाही. तेवढ्यासाठी माझा तास देणार नाही.

संगीतशिक्षिका: तुमचा तास मागितलाच नाही. आठवड्याचा माझा एक तास आहे, तोही स्नेहसंमेलनाच्या तालमींत जातो. ताईंचं म्हणणं मला पटतं. त्या तालमींत माझा तो मुलगाही मागच्याच रांगेत होता आणि मी काही बोलले नाही.