त्या ‘फक्त’बद्दल

‘कोविडचा धोका फक्त आधीपासून आजार असलेल्यांना’ असं म्हटलं जातं. त्या ‘फक्त’मध्ये मी येते. १४ वर्षं ल्युपस आहे, म्हणजे स्वतःची प्रतिकारशक्तीच शरीरावर उलटते तो आजार. २०२०च्या मार्चमध्ये ल्युपसवरचं औषध हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन कोविडवर चालतं अशी आवई उठली आणि आमच्या रोजच्या गोळ्या दुकानांतून गायब! अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्चअखेर तातडीची परवानगी दिली, जूनमध्ये मागेही घेतली. तोवर मी उरलेल्या गोळ्या मोजत होते. (हे औषध शरीरातून फार हळू उतरतं, त्यामुळे खंड पडल्याचा फटकाही उशिरा बसतो.)

फोनवरून तपासणी आम्ही किती वर्षं मागत होतो. ‘शक्य नाही’ म्हणायचे. धडधाकट लोक घरात अडकले आणि लगेच शक्य झालं. ती बंद करू नका म्हणून अजून अर्ज लिहितेय, सुजलेल्या बोटांनी.