विहिरीत डिझेल: आधी कापूस, मग जिवाणू

डिझेल सांडलेल्या विहिरीत तेल खाणाऱ्या जिवाणूंची पावडर टाकून भागेल का, असं एकानं विचारलंय. आमच्या विहिरीत इंजिनाची नळी फुटली होती. पाण्यावर सप्तरंगी तवंग, दोर हाताला बुळबुळीत. आम्ही घरचा कच्चा कापूस पसरून तवंग उचलला. कापसाच्या धाग्यावर मेण असतं, म्हणून तो पाणी सोडून तेल धरतो.

जिवाणू तेल खातात हे खरंच, पण त्यांना नत्र, स्फुरद अन् हवाही लागते. १९८९ मध्ये अलास्कात जहाजातून तेल सांडलं, तेव्हा तिथल्याच जिवाणूंसाठी किनाऱ्यावर खत टाकलं होतं. पिण्याच्या विहिरीत मात्र युरिया टाकू नका बाप्पा, त्यातून होणारं नायट्रेट तान्ह्या लेकरांना बाधतं. काठावरची तेलकट माती विहिरीपासून दूर नेऊन शेणखतात मिसळा, ओल धरा, खालीवर करत राहा.