फिलाडेल्फिया म्हणजे सू-सू ब्रेक नाही!

फिलीकर_कोथरूड

परवा इथे एकाने आई-बाबांसाठी पूर्व किनाऱ्याचा प्लॅन टाकला. न्यूयॉर्क तीन दिवस, डीसी दोन, नायगरा एक, आणि फिलाडेल्फियापुढे काय, तर "वाटेतच आहे, लिबर्टी बेल ही ऐतिहासिक घंटा बघा, अर्ध्या तासात निघा, बाकी घाण शहर". वर फुकटचा शेरा, की अमेरिकेत चार-पाच शहरं सोडली तर उरलेली एकाच छापाची, मॉल आणि पार्किंग. आणि लोकांनी त्यावर धडाधड लाइक ठोकलेत.

अहो, अर्धा तास तर बेलच्या सिक्युरिटीच्या लायनीत जातो. जवळपास १६ लाख वस्तीचं शहर आहे हे, १७९० ते १८०० देशाची राजधानी होती, आणि तुम्ही तडा गेलेल्या घंटेपुढे फोटो काढून परत बसमध्ये. सिटी हॉलचं काम १८७१ ला सुरू झालं ते १९०१ ला संपलं (पुण्याच्या पुलांना नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी). त्याच्या टोकावर शहर वसवणाऱ्या विल्यम पेनचा ३७ फुटी पुतळा, आणि त्याच्या हॅटच्या वर इमारत न्यायची नाही ही नुसती समजूत होती, कायदा नाही, तरी १९८७ पर्यंत बिल्डरांनी पाळली. बिल्डरांनी! 'रॉकी' सिनेमासारखं आर्ट म्युझियमच्या पायऱ्या पळत चढून रील काढणारे आत जातच नाहीत. आत मदुराईच्या देवळातला दगडी खांबांचा मंडप उभा केलाय.

आणि मराठी माणसाला तरी हे सांगायला लागू नये. आनंदीबाई जोशी १८८६ ला डॉक्टर झाल्या त्या याच गावात. समारंभाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. तुम्ही मात्र बेल बघून निघा.

टेक्सास_तात्या

१६ लाख म्हणून काय सांगता, आमचं ह्युस्टन २३ लाखांचं, देशात चौथं, पण त्याचं नाव कुणाच्या यादीत तरी येतं का? नासा बघून पळतात सगळे. हिलक्रॉफ्टला आमच्याकडे महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट ही देशी दुकानांची वस्ती आहे, मेनिल कलेक्शन हे कलासंग्रहालय फुकट, रॉथको चॅपल फुकट, जगातलं सगळ्यात मोठं मेडिकल सेंटर इथे. झोनिंग, म्हणजे कुठे काय बांधायचं याची सक्ती, नाही त्यामुळे टायरवाल्याच्या शेजारी देऊळ, देवळाशेजारी व्हिएतनामी फो. याला म्हणतात शहर. आणि घर परवडतं ते वेगळंच.

जर्सीवाला

प्लॅन माझाच आहे. नाव घेऊन बोला की, टोमणे कशाला. मी रोज न्यू जर्सीतून पूल ओलांडून फिलीत (फिलाडेल्फियात) कामाला येतो, त्यामुळे मला शहर शिकवू नका. स्टेशनबाहेर कचरा, केन्सिंग्टन वस्तीत रस्त्यावर नशेत वाकून उभी असलेली माणसं, हे दाखवू का सत्तरीच्या आई-बाबांना? वर वेज टॅक्स, म्हणजे पगारावरचा शहराचा कर. राहतो जर्सीत, मत देतो जर्सीत, आणि पगारातून साडेतीन टक्क्यांच्या आसपास फिली कापून घेते. कशासाठी? खड्ड्यांसाठी?

फिलीकर_कोथरूड

जर्सीच्या रिटर्नमध्ये त्याचं क्रेडिट मिळतं. इथे राहणाऱ्याला तुझ्यापेक्षा जास्त लागतो, आम्ही रडतो का?

जर्सीवाला

क्रेडिट जर्सीचा टॅक्स त्या पगारावर जेवढा बसतो तेवढंच मिळतं, वरचे गेलेच. आणि हो, तुम्ही रडता. दर एप्रिलला इथेच रडता.

लेकाकाठची

तुमचं चालू द्या. क्लीव्हलंडचं नाव काढलं की लोक अजून इथली प्रदूषित नदी पेटल्याचा जोक मारतात. १९६९ ला पेटली, मान्य, पण तिचा गाजावाजा झाला म्हणून तर १९७२ चा क्लीन वॉटर ॲक्ट यायला जोर आला. १९६८ पासून आमची रेल्वे थेट विमानतळात जाते, अमेरिकेत असं करणारं पहिलं शहर. न्यूयॉर्कच्या जेएफकेला अजून गाडी बदलावी लागते. आर्ट म्युझियमला तिकीट नाही. तमिळ लोकांना क्लीव्हलंड बरोबर माहीत आहे, १९७८ पासून त्यागराज उत्सव करतायत, भारतातून मोठमोठे गायक येऊन जातात. आपण मराठी लोक अधिवेशनाला जमतो आणि जेवणाच्या लायनीवरून भांडतो.

टेक्सास_तात्या

फेब्रुवारीतला फोटो टाका ना लेकाकाठचा.

लेकाकाठची

टाकते. तुम्ही ऑगस्टमध्ये दुपारी दोनला त्या गांधी डिस्ट्रिक्टमध्ये पायी फिरतानाचा टाका.

सून_क्रमांक_२

तात्या, घर परवडतं हे खरं, पण त्या घरात दिवसभर कोण बसतं ते विचारा. माझे सासू-सासरे ह्युस्टनच्या सबर्बात दिरांकडे चार-सहा महिने होते. साधी कोथिंबीर आणायची तर मुलगा संध्याकाळी घरी यायची वाट बघा. फुटपाथ आहे, पण तो पुढच्या वळणावर संपतो. सासरे नाशकात रोज पेपर आणायला पायी जाणारे, ते तिथे गॅरेजचं दार उघडून खुर्ची टाकून बसायचे. शेवटी शेजाऱ्यांनी विचारलं, सगळं ठीक आहे ना?

टेक्सास_तात्या

हे बघा, वैयक्तिक होऊ नका. दिरांनी शहराबाहेर चाळीस मैलांवर घर घेतलं त्यात ह्युस्टनचा काय दोष? मध्ये ट्राम आहे, पार्क आहेत. आणि आई-बाबांना फिरवायला वेळ नसेल तर बोलावता कशाला? नातवंडं सांभाळायलाच ना?

सून_क्रमांक_२

हा प्रश्न दिरांना विचारा. नंबर देऊ?

वहिनी_सांगली

तुम्ही ज्या "आई-बाबां"बद्दल बोलताय त्यातलीच मी एक. मुलगा डॅलसजवळ, मुलगी साउथ फिलाडेल्फियाला, दोन्हीकडे राहून आलेय, तेव्हा मला बोलू द्या.

मुलाचं घर राजवाडा. पाच बेडरूम, आणि दुपारी घड्याळाची टिकटिक ऐकू येते. मुलीचं घर म्हणजे आपल्या चाळीसारखं, भिंतीला भिंत, पुढे दोन-तीन दगडी पायऱ्या आणि खाली थेट रस्ता. संध्याकाळी पायरीवर बसलं की माणसं दिसतात. शेजारची इटालियन म्हातारी मला तिच्या परसातले टोमॅटो द्यायची, मी तिला थालीपीठ, दोघींना एकमेकींचं बोलणं कळायचं नाही पण गुडघेदुखी कळायची. नाइन्थ स्ट्रीटच्या बाजारात मी एकटी जायची, पिशवी घेऊन, पायी. नोव्हेंबरात थंडी पडली तर भाजीवाले पत्र्याच्या पिंपात लाकडं पेटवून हात शेकत होते, मलाही बोलावलं. आता त्या घराचा जिना इतका उभा आहे की रात्री बाथरूमला वर-खाली करताना देव आठवायचा. कचराही आहे, कुत्र्याची घाण तर बघून चालावी लागते. पण मला कुणी विचारलं पुन्हा कुठे जाशील, तर मुलाला सांगू नका.

जर्सीवाला

काकू, तुमचं पटलं थोडंफार. पण तुम्ही राहिलात. मी दोन दिवसांच्या पाहुण्याबद्दल बोलतोय. आणि आनंदीबाईंचं म्हणाल तर त्यांची तब्येत अमेरिकेतच ढासळली, परत आल्या त्या आजारी, १८८७ ला गेल्या, बावीस पूर्ण नव्हती. हेही लिहा ना जाहिरातीत.

फिलीकर_कोथरूड

त्या काळी क्षय झाला तर काय फिलीचा वेज टॅक्स कारणीभूत? भारतात बायकांना डॉक्टरकी शिकायची सोय कितीशी होती तेव्हा? इथे बायकांचं मेडिकल कॉलेज १८५० पासून होतं. वाद घालायचा म्हणून काहीही.

लेकाकाठची

त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीला आहेत, अमेरिकेत त्यांना आधार देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत. आता पोकिप्सीवाला कोणी असेल तर येईलच भांडायला.

जर्सीवाला

बरं बाबा, हरलो समजा. अर्ध्या तासाचे चार तास करतो. बेल, मग रीडिंग टर्मिनल मार्केटला जेवण, आमिश (जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) बायका प्रेट्झेल वळतात ते आईला दाखवतो, काकूंचा बाजार जमला तर तो. रविवारी. झालं समाधान?

फिलीकर_कोथरूड

रविवारी आमिश लोकांचे स्टॉल बंद असतात. शनिवारी ये. आणि गाडी जर्सीत ठेवून ट्रेनने ये, नाहीतर पार्किंगवरून नवीन धागा काढशील.

जर्सीवाला

शनिवारचं डीसीचं हॉटेल नॉन-रिफंडेबल आहे.

टेक्सास_तात्या

ह्युस्टनला आमचे स्टॉल रविवारी उघडे असतात.